मोजमाप आणि विचारपूस

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



शाळा सोडल्याचा दाखला आपल्या प्रत्येकाच्या घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असतो. त्यावर एक रकाना आहे, 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथे काय लिहिलेले असते? 'पालकांच्या विनंतीवरून', नाहीतर 'पुढील शिक्षणासाठी'. कॉलेजचा दाखलाही त्याच घराण्यातला. पोरगा दुसऱ्या सत्रात परत आला तो बाप आजारी पडला म्हणून, की एसटीची सकाळची फेरी बंद झाली म्हणून, की वर्गात इंग्रजीतून चाललेले कळेना आणि विचारायची लाज वाटली म्हणून, हे त्या रकान्यात कधीच उतरत नाही. लिपिकाला दोष नाही. रकाना एवढासा आणि दाखल्यांचा गठ्ठा समोर. पण त्या रकान्यांची बेरीज होते, बेरजेची टक्केवारी होते, टक्केवारीला 'गळती' असे नाव पडते आणि मग मुंबईत किंवा दिल्लीत कोणी विद्वान सांगतो की खेड्यातल्या मुलांना शिक्षणाची गोडीच नाही.

आज बैठकीपुढे ठराव आहे तो एवढाच. बारावीनंतर कॉलेजात नाव घातले आणि पदवी किंवा पदविका हाती न येता घरी परतले, अशा आपल्या गावांतल्या पोरापोरींची विचारपूस आपण आपल्या माणसांकरवी करावी आणि जे निघेल ते घेऊन कॉलेजांच्या दारात जावे. ठराव वाचला तेव्हा दोन प्रश्न आले. पहिला, आपली चळवळ शेतमालाच्या भावाची, हे आपले काम आहे काय? दुसरा, चार पोरांचे बोलणे लिहून आणले तर त्याला पुरावा कोण म्हणणार?

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. शेतीत राम नाही म्हणून पोराला शिकवायचे, असा आपल्या घरांचा कित्येक वर्षांचा हिशेब आहे. त्यासाठी कोणी बैलजोडी मोडली, कोणी सोसायटी थकवली, कोणी रस्त्यालगतचा एकर काढला. पोरगा दीड वर्षाने मोकळ्या हाताने परत आला म्हणजे काय झाले? यार्डात माल नेला आणि हमाली, तोलाई, भाडे भरायला वरून पदरचे पैसे घालावे लागले. ही उलटी पट्टी आहे. उलट्या पट्टीचा जाब विचारणे हे आपले काम नसेल तर दुसरे कोणते?

दुसऱ्या प्रश्नावर मात्र सविस्तर बोलायला हवे.

पाहणी म्हटली की आपल्या पोटात गोळा येतो आणि तो उगाच येत नाही. पैसेवारी घ्या. पन्नास पैशांच्या आत की वर, या एका आकड्यावर वर्षानुवर्षे गावाचा दुष्काळ ठरत आला. पीकविमा घ्या. महसूल मंडळातल्या मोजक्या तुकड्यांची कापणी होते आणि त्यावरून साऱ्या मंडळाचे नशीब लिहिले जाते. आणि सगळ्यात वाईट ते घ्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी सरकारी माणूस कागद घेऊन येतो. सातबारा कोणाच्या नावे, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, थकलेले होते की नाही. रकाने जुळले तर 'पात्र', नाही जुळले तर 'अपात्र'. सोयऱ्याकडून हातउसने घेतलेले पैसे असले तर ते कर्जच नव्हे. मेलेला माणूस अपात्र ठरवणारा कागद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पाहणी या शब्दाची किळस आली तर नवल नाही.

तरी आकडे नकोत असे आम्ही म्हणत नाही. शेतकरी चळवळ उभी राहिली ती हिशेबावरच. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून आले, आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि पिकाचा जमाखर्च मांडून बसले. तो मांडला नसता तर 'शेतकरी आळशी म्हणून गरीब' हेच शास्त्र आजही शिकवले गेले असते. पण लक्षात घ्या, तो हिशेब ज्याच्या घामाचा होता त्याच्या बांधावर बसून मांडलेला होता. दिल्लीच्या कृषिमूल्य आयोगाच्या टेबलावरही आकडे होतेच.

मग आकडे आणि विचारपूस यांचे नाते काय? कपाशी लावणाऱ्याला हे सांगायला फार शब्द लागू नयेत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाडा धुऊन काढला. झाड हिरवेगार, बोंडे टपोरी, बाहेरून भोकसुद्धा दिसत नाही. कोणी नुसती बोंडे मोजली असती तर झकास अंदाज निघाला असता. म्हणून शिफारस काय आहे? एकरातून वीस हिरवी बोंडे तोडा आणि फोडून पाहा. सगळी फोडायची नाहीत, नाहीतर वेचायला काय उरेल? वीसच. पण ती नुसती धुऱ्याकडची तोडायची नाहीत, शेतभर फिरून तोडायची. मोजण्याने किती ते कळते, फोडण्याने आत काय चालले आहे ते कळते. माणसांच्या बाबतीत फोडून पाहणे म्हणजे बसून, वेळ देऊन, त्याचे त्याच्या शब्दांत ऐकणे आणि ते जसेच्या तसे लिहून घेणे. विद्यापीठांत याला गुणात्मक संशोधन म्हणतात. नाव जड आहे, काम गावच्या पारावरचे आहे; फक्त शिस्तीने करायचे.

या कामाचा सर्वांत मोठा अनुभव आज अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या बाबतीत जमा झालेला आहे, म्हणून त्याची हकिगत सांगतो. अमेरिकेचे नाव काढले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. तिथल्या कापसाच्या सबसिड्यांनी जगाचे भाव पाडले, त्यावर ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २००५ साली तो जिंकला, हे आम्हाला पाठ आहे. ते भांडण वेगळे. शत्रूच्या शेतातही नांगर चांगला असला तर पाहून घ्यावा.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय? बारावीनंतरचे दोन वर्षांचे, सरकारी, स्वस्त, घराजवळचे कॉलेज. गुणांची अट जवळजवळ नाही, दार सर्वांना उघडे. दोन वर्षांनी एक पदवी मिळते. ती घेऊन कामाला लागा, नाहीतर मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा. पहिले मानले जाते ते शिकागोजवळ मक्याच्या मुलखात जोलिएट गावी १९०१ साली निघालेले. पहिल्या वर्गात सहा मुले होती. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने असे कॉलेज गावोगावी असावे म्हणून सांगितले आणि आज त्यांची संख्या हजाराच्या वर आहे. टेक्सासच्या पश्चिमेला लेव्हललँड नावाचे गाव आहे. आजूबाजूला कापूस आणि ज्वारी, पाऊस बेताचा, जमिनीखालचे पाणी दरवर्षी खाली चाललेले. तिथल्या हॉकली काउंटीच्या मतदारांनी १९५७ साली मत देऊन स्वतःवर कर बसवून घेतला आणि साउथ प्लेन्स कॉलेज काढले. आपल्यासारखीच पिके घेणाऱ्या माणसांनी पोरांसाठी केलेली ती सोय आहे. कॉलेज आमच्या कराचे, तेव्हा ते चालते कसे हे आम्ही विचारणार, असा हक्क त्यातून येतो. आपण आपल्या कॉलेजांना अनुदान देतो ते वेगळ्या खिशातून, एवढाच फरक.

दार उघडे असले म्हणून आत गेलेला पार होतो असे नाही. या कॉलेजांत नाव घातलेल्या मुलांपैकी मोठा हिस्सा काही हाती न घेता बाहेर पडतो. का पडतो? इथून संशोधनाची हकिगत सुरू होते.

१९६० साली बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या कॉलेजचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या विद्यापीठात जायचे म्हणून आलेली बहुतेक मुले तिथपर्यंत पोचतच नव्हती. पण कॉलेजने कुणाला 'तू नापास, चालता हो' असेही म्हटले नव्हते. मग झाले काय? चाचणी, समुपदेशन, 'तुला हे झेपेल का, त्यापेक्षा ते घे', पुन्हा समुपदेशन, असे करत करत मुलाची आशा हळूहळू निववली जात होती. क्लार्कने याला जे नाव दिले ते ठगांच्या भाषेतून आलेले आहे. फसवलेल्या गिऱ्हाइकाने पोलिसात जाऊ नये म्हणून ठगाच्या टोळीतला एक जण मागे राहून त्याला गोड बोलून थंड करतो, ते हे थंड करणे. अडत्याने पट्टीत मारायचे आणि वर चहा पाजायचा, हा प्रकार यार्डात आपण ओळखतो. टक्केवारीच्या तक्त्यात हे सापडणे शक्य नव्हते. कॉलेजचे आतले कामकाज पाहिले म्हणून सापडले.

पुढे २००९ साली रेबेका कॉक्स यांचे पुस्तक आले. त्यांनी वर्गांत बसून पाहिले, मुलांशी आणि प्राध्यापकांशी बोलल्या. प्राध्यापकांना दिसत होते की मुले बेफिकीर आहेत, प्रश्न विचारत नाहीत, निबंध वेळेवर देत नाहीत, मधेच नाहीशी होतात. मुलांच्या तोंडून निघाले ते वेगळेच. त्यांना भीती होती. आपण कॉलेजच्या लायकीचे नाही हे उघडे पडेल, अशी भीती. म्हणून न बोलणे बरे, निबंध न देणे बरे आणि फारच झाले तर येणेच बंद करणे बरे. बाहेरून जी बेपर्वाई दिसत होती ती आतून लाज होती. मंडळी, आपल्या घरातला पहिलाच पोरगा कॉलेजात गेला आणि 'बाबा, तिथे काही शिकवत नाहीत' म्हणून परत आला, तेव्हा आपण त्याच्यावर जो आवाज चढवला तो जरा आठवा.

आता एक प्रकरण थोडे उलगडून सांगतो, कारण त्यात विचारपूस आणि आकडे एकत्र जुंपले की काय होते ते दिसते. या कॉलेजांत प्रवेश घेताच एक चाचणी होत असे. तिच्यात कमी पडला की मुलाला गणिताच्या आणि इंग्रजीच्या पूर्वतयारीच्या वर्गात टाकायचे. फी भरायची, वेळ घालवायचा, पण ते गुण पदवीत धरायचे नाहीत. कुणाला एक वर्ग, कुणाला एकामागून एक तीन. हेतू चांगलाच होता, कच्च्या मुलाला पक्के करायचे. आकडे मांडणाऱ्यांनी २०१० साली दाखवले की या वर्गांकडे पाठवलेल्या मुलांपैकी निम्मीसुद्धा ती मालिका पुरी करत नाहीत आणि बरीच तर पहिल्या वर्गालाही बसत नाहीत. का, ते आकड्यांत नव्हते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एका संशोधन संस्थेने मुलांचे गट बसवून नुसते विचारले, की त्या चाचणीच्या दिवशी काय झाले? कित्येक मुलांना माहीतच नव्हते की या चाचणीवर आपले वर्षदीड वर्ष अवलंबून आहे. तयारी करून यायची असते हे सांगितले नव्हते. आली, बसली, उरकून निघून गेली. २०१२ साली आणखी एक हिशेब झाला. गणितात चौघांतला सुमारे एक आणि इंग्रजीत तिघांतला सुमारे एक मुलगा साफ चुकीच्या वर्गात टाकला जात होता आणि शाळेतले गुण पाहिले असते तर ही चूक पुष्कळ कमी झाली असती. शेवटी २०१७ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की शाळेतली कामगिरी पाहा आणि मुलाला सबळ कारणाशिवाय पूर्वतयारीत अडकवू नका.

बघा कसे झाले. आकड्यांनी गळती कुठे आहे ते दाखवले. विचारपुशीने भोक कशाने पडले ते सांगितले. पुन्हा आकड्यांनी ते किती मोठे हे मोजले. मग कायदा हलला. चार पोरांच्या बोलण्याला पुरावा कोण म्हणणार, या प्रश्नाचे आमचे उत्तर हे आहे.

न्यूयॉर्क शहराची गोष्ट याच्या पुढची. तिथल्या शहर विद्यापीठाने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक कार्यक्रम सुरू केला. मुलाने पूर्णवेळ शिकायचे. बदल्यात फीत जे कमी पडेल ते कॉलेज भरणार, पुस्तके फुकट, बस-रेल्वेचा पास फुकट, शिकवणी आणि प्रत्येकाच्या पाठीशी एक सल्लागार. एरवी तिथे एका सल्लागाराकडे सहाशेपासून दीड हजारापर्यंत मुले असत. या कार्यक्रमात साठ ते ऐंशी. याची परीक्षा कशी घेतली? ८९६ मुले घेतली आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. एका गटाला कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीचे कॉलेज. ही रीत मुळात आपलीच आहे बरे का. इंग्लंडमध्ये रोदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर फिशर नावाच्या गणितज्ञाने १९२०च्या दशकात शेताच्या तुकड्यांवर ती बसवली. कोणत्या तुकड्याला कोणते खत ते माणसाच्या मर्जीने ठरवायचे नाही. औषधांच्या आणि शाळांच्या परीक्षेत ती शेतातून गेली. तर तीन वर्षांनी नेहमीच्या गटातली शेकडा २२ मुले पदवी घेऊन बाहेर पडली होती आणि कार्यक्रमातली शेकडा ४०. पुढे ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांनी हे उचलले. तिथेही पदवीधरांचे प्रमाण दुपटीच्या जवळ गेले.

यातला खर्चाचा हिशेब आम्हाला फार आवडला. दर मुलामागे खर्च साठ टक्क्यांहून अधिक वाढला. इथे आपल्याकडचा एखादा सचिव फाइल बंद करून मोकळा झाला असता. पण दर पदवीमागे खर्च काढला तर तो दहा टक्क्यांहून अधिक कमी आला. एकरी खर्च आणि क्विंटली खर्च यातला फरक ज्याला कळतो त्याला यात गूढ काही नाही. खत, पाणी, फवारणी वेळेवर पडली तर एकरी खर्च वाढतो आणि क्विंटलमागे उतरतो. अर्धवट खर्च करून पीक अर्धे घालवणे हीच खरी उधळपट्टी.

आता उलट बाजू. टेक्सासने २०२३ साली कायदा करून या कॉलेजांचे राज्याकडून येणारे पैसे निकालाशी बांधले. किती जणांनी पदवी किंवा प्रमाणपत्र घेतले, किती पुढच्या विद्यापीठात गेले, त्यावर पैसा. वरून पाहता न्यायाचे वाटते. शेतकऱ्याला पिकावर पैसे मिळतात, कॉलेजला का नकोत? पण पैसे आकड्याला बांधले की माणसे आकडा पिकवू लागतात, हे कापूस एकाधिकार योजनेच्या खरेदी केंद्रावर ग्रेड लावून घेतलेल्यांना नव्याने सांगायला नको. ज्या पोराच्या घरी गाय व्यायली की तो आठवडाभर गैरहजर राहणार, त्याला घ्यायचेच कशाला, असा विचार कॉलेजच्या मनात शिरायला वेळ लागत नाही. शिवाय आकडा मोजतो कोण आणि कोणाला? तिथल्या केंद्र सरकारच्या जुन्या पदवी-प्रमाणात प्रथमच आलेली, पूर्णवेळ शिकणारी मुलेच धरत. कामधंदा करून अर्धवेळ शिकणारे बाहेर. पदवी न घेता मोठ्या विद्यापीठात गेलेला मुलगा, म्हणजे ज्याचे भले झाले तो, कॉलेजच्या नावे पदवी न घेतलेल्यांत. म्हणून आकड्याबरोबर पहारेकरी म्हणून विचारपूस पाहिजेच.

आपल्याकडे काही नाही असे नाही. पुणे जिल्ह्यात पाबळच्या अवर्षणी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि शाळा सुटलेल्या पोरांना हाताने करत शिकवले. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला निघाले. त्याच्या शेतीच्या अभ्यासक्रमांना आपलीही पोरे आहेत. कम्युनिटी कॉलेज हे नाव घेऊन १९९५ साली पाँडिचेरीत आणि १९९६ साली मद्रासेत कॉलेजे निघाली. २०१३च्या सुमारास केंद्र सरकारने त्याची योजना केली. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगली गोष्ट. पण फी माफ झालेली मुलगी सकाळी सातच्या तासाला पोचते कशी, संध्याकाळी उतरते कुठे आणि तिच्या मागे घरचे पाणी कोण भरते, हे माफीच्या तक्त्यात येणार नाही. ते तिला विचारावे लागेल.

आता करायचे कसे. इथे आम्ही थोडे रोखठोक बोलणार.

आधी हे ठरवायचे की निघालेल्या गोष्टीचे करणार काय आणि ती वाचणार कोण. मायकेल क्विन पॅटन या अमेरिकन मूल्यमापनकाराने १९७८ साली यावर अख्खे पुस्तक लिहिले: ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घेतले नाही तर अहवाल कपाटात जातो. म्हणून तीन कॉलेजांचे प्राचार्य आणि एसटी आगाराचे व्यवस्थापक यांना सुरुवातीलाच सांगायचे, की अमुक महिन्यात आम्ही अमुक घेऊन येतो आहोत. गळती झाल्यावर केलेली पाहणी म्हणजे खळ्यावर उभे राहून निंदणीची चर्चा. वर्ष चालू असतानाही एक फेरी पाहिजे, म्हणजे या वर्षीच्या पोरांना उपयोग होईल.

विचारायला कोण जाणार? कॉलेजचा माणूस नको, त्याच्यासमोर पोरगा कॉलेजला वाईट म्हणणार नाही. बापही नको. गावचा पुढारी तर मुळीच नको. शेजारच्या तालुक्यातली, बारावी-पदवी झालेली, ऐकून घेण्याची सवय असलेली पोरेपोरी घ्यावीत. मुलींकडे मुलींनीच जायचे आणि सासरी गेलेल्यांना वगळायचे नाही. कॉलेज सोडण्याचे सगळ्यात मोठे कारण तिथेच बसलेले असेल. आपल्याला बोलायला सोपी ती पोरे भेटतील, तालुक्याला मोबाइलच्या दुकानात बसणारी. ती धुऱ्याकडची बोंडे. शेताच्या मधली बोंडे पुण्याला, सुरतेला कामाला गेली आहेत.

विचारायचे काय? 'कॉलेज का सोडलेस?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचाच नाही. त्यात आरोप आहे, आणि आरोपाला दाखल्यावरचेच उत्तर येते. 'पहिल्या दिवशी कॉलेजात गेलास तेव्हा काय झाले ते सांग', 'शेवटचा आठवडा कसा गेला', 'तेव्हा कोणाशी बोललास', असे विचारायचे आणि गप्प बसायचे. आपल्या कार्यकर्त्याला गप्प बसणे जड जाते, हे आम्हाला माहीत आहे! पोरगा भावाविषयी चुकीचे बोलला तरी भाषण करायचे नाही. बोलणे त्याच्या बोलीत, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीत, त्याच रात्री लिहून काढायचे. सकाळपर्यंत ठेवले की ते आपले होते, त्याचे राहत नाही.

नंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच खरे. लिहिलेले सगळे दोघांनी वेगवेगळे बसून वाचायचे, समासात खुणा करायच्या: इथे गाडीचा त्रास, इथे इंग्रजी, इथे घरचा आजार, इथे अपमान. मग दोघांच्या खुणा जुळवायच्या. जुळत नाहीत तिथे भांडायचे. आणि आपल्या आवडत्या कारणाविरुद्ध जाणारा पोरगा मुद्दाम शोधायचा. आपल्याला वाटणार, सगळे शेतमालाच्या भावामुळे झाले. असेलही. पण भाव बरा मिळालेल्या घरचा पोरगा का परतला आणि कर्जात बुडालेल्या घरची पोरगी पदवी घेऊन कशी निघाली, या दोघांना भेटल्याशिवाय तसे लिहायचे नाही. किती जणांना भेटायचे? नवे काही निघेनासे झाले की थांबायचे. गावाला सात-आठ, तालुक्याला तीस-चाळीस, इतक्यात हे बहुधा दिसू लागते.

एक गोष्ट कडक. नावे लिहायची नाहीत. खुणेचा आकडा द्यायचा आणि आकडा-नावाची यादी एकाच माणसाच्या कुलपात ठेवायची. अमेरिकेत अशा संशोधनात माणसाची संमती घेण्याचा कायदा १९७४ साली झाला, कारण त्याआधी न विचारता गरिबांवर बरेच काही केले गेले होते. आपल्या गावात तर कोण बोलले हे दोन ओळींत ओळखू येते. एखाद्या मुलीने कॉलेजातल्या छळाविषयी सांगितले आणि ते चावडीवर आले, तर पुढची कोणी तोंड उघडणार नाही आणि तिच्या घरचे लग्न मोडेल ते वेगळेच. नको म्हणाली तर तिचा कागद तिच्यासमोर फाडायचा. आणि अहवाल छापण्याआधी ज्यांनी सांगितले त्यांना वाचून दाखवायचा. त्यांना 'हे असे नव्हते' म्हणण्याची संधी द्यायची. पैसेवारी लावताना असे कोणी आपल्याला कधी विचारले आहे का?

वेळेचे म्हणाल तर वेचणीत हे निघणार नाही आणि ज्वारीच्या काढणीतही नाही. पाडव्यापासून रोहिण्या लागेपर्यंतचे दिवस आहेत. जत्रा आणि लग्नसराईला बाहेरगावची पोरे घरी येतात, तेव्हाच गाठायची. खर्च म्हणजे एसटीचे भाडे, वह्या आणि चहा. तो तालुक्यांनी आपला आपण करावा, कोणाचे अनुदान घेऊ नये. ज्याचे पैसे त्याचे प्रश्न, असा अनुभव आहे. अहवाल मात्र ओझे होईल इतका मोठा नको. वीस पाने, मागे आकड्यांचे दोन तक्ते आणि प्रत्येक कॉलेजला वेगळे एक पान: तुमच्याकडून हे हवे, या जूनपासून.

ठरावावर मत घेण्याआधी प्रत्येक तालुक्याने दोन मुली आणि दोन मुलगे सुचवावेत. त्यांची दोन दिवसांची तालीम पाडव्याच्या आधी घ्यायची आहे. नावे जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी द्यावीत.